अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आतड्याच्या दीर्घकालीन दाहासह जगणाऱ्या व्यक्तींना आणि त्यांच्या घरच्यांना नेहमी पडणारे प्रश्न येथे घेतले आहेत. आपल्याकडे या गटात अल्सरेटिव्ह कोलायटिसचे रुग्ण अधिक असल्याने मुख्य भर त्यावर आहे. जिथे क्रोन्सची गोष्ट वेगळी आहे तिथे तसे सांगितले आहे. औषधांच्या मात्रा केवळ कल्पना यावी म्हणून दिल्या आहेत. कोणाला किती द्यायचे हे उपचार करणारे पोटविकारतज्ज्ञच ठरवतात.

हा आजार नेमका काय आहे? तो संसर्गजन्य आहे का?

शरीराची रोगप्रतिकारशक्ती आतड्याच्या अस्तरावरच उलटते आणि तिथे सतत सूज व जखमा राहतात, असे त्याचे थोडक्यात स्वरूप आहे. अल्सरेटिव्ह कोलायटिस फक्त मोठ्या आतड्यात होतो. तो गुदाशयापासून सुरू होतो, सलग वर सरकतो आणि सहसा आतल्या अस्तरापुरता मर्यादित राहतो. क्रोन्स मात्र तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही, मधले निरोगी भाग सोडून आणि भिंतीच्या पूर्ण जाडीत होऊ शकतो, त्यामुळे त्यात आतडे अरुंद होणे किंवा भगंदर होणे असे प्रकार घडतात. न्यूयॉर्कचे डॉक्टर बरिल क्रोन यांनी दोन सहकाऱ्यांसह १९३२ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले, त्यावरून हे नाव पडले. दोन्ही आजार संसर्गजन्य नाहीत. एका ताटात जेवल्याने, एकच संडास वापरल्याने किंवा शरीरसंबंधातून ते पसरत नाहीत.

संडासवाटे रक्त पडते म्हणजे मूळव्याधच असणार ना?

असे गृहीत धरल्यामुळेच अनेकांच्या निदानाला उशीर होतो. मूळव्याधीत रक्त सहसा शौचाच्या शेवटी, लालभडक, थेंबांनी किंवा धारेने पडते आणि मल नेहमीसारखा असतो. कोलायटिसमध्ये रक्त मलात मिसळलेले असते, सोबत आव पडते, पोटात कळ येऊन धावत जावे लागते, आणि जाऊन आल्यावरही पोट साफ झाल्यासारखे वाटत नाही. रात्री झोपेतून उठून जावे लागणे ही तर विशेष लक्षात घेण्याची खूण आहे. आपल्याकडे याच लक्षणांना आमांश समजून मेट्रोनिडाझोलचे कोर्स एकामागून एक दिले जातात. पहिल्या कोर्सला काही म्हणायचे नाही, पण रक्त आणि आव चार आठवड्यांहून अधिक काळ चालू असेल तर गोळ्या बदलत बसण्याऐवजी कोलोनोस्कोपी, म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठ्या आतड्याची तपासणी, करून घ्यावी. त्या तपासणीत अस्तराचे तुकडे घेऊन पॅथॉलॉजिस्टकडे पाठवतात. बायोप्सी या शब्दाने घरातले घाबरतात, परंतु इथे ती मुख्यतः दाहाचा प्रकार ओळखण्यासाठी असते.

आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम) आणि हा आजार एकच आहेत का?

नाहीत. आयबीएसमध्ये पोट दुखते, शौचाच्या सवयी बदलतात, पण आतड्याला जखम नसते. रक्त पडणे, वजन घटणे, ताप, पंडुरोग किंवा रात्री उठावे लागणे ही आयबीएसची लक्षणे नव्हेत. मलातील कॅलप्रोटेक्टिन (दाह असताना वाढणारे प्रथिन) ही साधी तपासणी दोहोंतील फरक ओळखायला उपयोगी पडते: बहुतेक प्रयोगशाळांत प्रति ग्रॅम ५० मायक्रोग्रॅमच्या आतील आकडा दाह नसल्याचे सुचवतो, तर २५० च्या वरचा आकडा सक्रिय दाहाकडे बोट दाखवतो. जंतुसंसर्गात आणि वेदनाशामक गोळ्यांमुळेही हा आकडा वाढतो, म्हणून एकट्या आकड्यावरून निष्कर्ष काढू नये.

क्रोन्सचे निदान झाले, तरी डॉक्टरांनी टीबीची औषधे का सुरू केली?

हा प्रश्न युरोपात क्वचितच पडेल. भारतात तो रोजचा आहे. आतड्याचा क्षयरोग आणि क्रोन्स हे दोन्ही लहान आतड्याच्या शेवटच्या भागात होतात, दोहोंत वजन घटते, पोट दुखते, व्रण पडतात, आणि दुर्बिणीतून किंवा सूक्ष्मदर्शकाखालीही कधी कधी फरक करता येत नाही. तपासण्यांतून टीबीचा जंतू सापडला तर प्रश्नच मिटतो, पण आतड्याच्या टीबीत तो अनेकदा सापडत नाही. अशा वेळी टीबीची औषधे देऊन दोन-तीन महिन्यांनी पुन्हा कोलोनोस्कोपी करतात: व्रण भरले असतील तर तो टीबी मानून कोर्स पूर्ण करतात, तसेच राहिले असतील तर क्रोन्सचा विचार पक्का होतो. केवळ बरे वाटू लागले यावर विसंबून ही दुसरी कोलोनोस्कोपी टाळू नये, कारण क्रोन्सच्या रुग्णालाही त्या काळात थोडेफार बरे वाटू शकते. उलट दिशेची चूक अधिक महाग पडते. टीबी असताना क्रोन्स समजून स्टेरॉइड किंवा बायोलॉजिक (प्रतिकारशक्तीचा ठरावीक भाग रोखणारे प्रथिनरूपी औषध) दिले तर टीबी शरीरभर पसरू शकतो.

हा आजार मलाच का झाला? तिखट खाल्ल्यामुळे की ताणामुळे?

दोहोंपैकी कशामुळेही नाही. अनुवंशिक प्रवृत्ती, आतड्यातील जिवाणूंचा बदललेला समतोल आणि पर्यावरण यांच्या गुंतागुंतीतून तो उद्भवतो, इतपत शास्त्राला ठाऊक आहे. पर्यावरणाचा वाटा किती मोठा असावा याची कल्पना इंग्लंडमधील लेस्टर शहरातल्या भारतीय वंशाच्या लोकांच्या अभ्यासांतून आली. तिथे स्थायिक झालेल्या दक्षिण आशियाई कुटुंबांत अल्सरेटिव्ह कोलायटिसचे प्रमाण स्थानिक गोऱ्या लोकांपेक्षाही जास्त आढळले. ताणामुळे आजार जडत नाही, मात्र असलेला आजार उसळायला ताण हातभार लावू शकतो. आईने मुलाच्या डब्याला किंवा सुनेने सासूच्या फोडणीला दोष देण्याचे कारण नाही.

तो कायमचा बरा होतो का?

आजच्या औषधांनी तो मुळापासून जात नाही, पण वर्षानुवर्षे पूर्ण शांत राहू शकतो. त्या शांत काळाला डॉक्टर रेमिशन म्हणतात आणि आजार उसळण्याला फ्लेअर. रुग्णही आता हेच शब्द वापरतात.

सहा महिन्यांपासून एकही त्रास नाही. गोळ्या बंद केल्या तर चालेल का?

या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, आणि माझ्या मते आपल्याकडे या आजाराचे जे काही नुकसान होते त्यातले मोठे नुकसान याच वळणावर होते. रक्त थांबते, वजन वाढते, नातेवाईक म्हणतात आता कशाला रोज गोळ्या, आणि रुग्ण स्वतःच मात्रा निम्मी करतो, मग सोडून देतो. पहिले काही आठवडे काहीच होत नाही, त्यामुळे निर्णय योग्य होता असे वाटते. पुढचा फ्लेअर येतो तेव्हा तो कधी कधी गुदाशयापुरता न राहता डाव्या बाजूपर्यंत किंवा संपूर्ण मोठ्या आतड्यात पसरलेला असतो, आणि पूर्वी ज्या गोळीने भागत होते तिने आता भागत नाही.

लक्षणे थांबणे आणि अस्तर भरून येणे या दोन गोष्टी एकाच वेळी घडत नाहीत. रक्त थांबल्यावरही आतल्या सूक्ष्म जखमा बराच काळ टिकतात, म्हणून उपचाराचे ध्येय आता अस्तर भरून येणे हे मानले जाते आणि त्याची खात्री कॅलप्रोटेक्टिन किंवा दुर्बिणीने केली जाते. मेसालामाइन हे कोलायटिसमध्ये सर्वाधिक वापरले जाणारे औषध. ते रोज साधारण २ ते ४.८ ग्रॅम या मर्यादेत देतात, बहुतेक रुग्णांना वर्षानुवर्षे सोसते, आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका कमी करण्यातही नियमित सेवनाचा हातभार लागत असावा असे मानण्यास आधार आहे. मूत्रपिंडावर क्वचित परिणाम होतो म्हणून वर्षातून एकदा क्रिएटिनिन तपासावे. दिवसातून तीनदा गोळ्या घेणे जमत नसेल तर डॉक्टरांना तसे सांगावे. सगळी मात्रा एकाच वेळी घेतली तरी परिणाम तितकाच होतो, हे अभ्यासांतून दिसले आहे. मलात गोळीचे टरफल दिसले म्हणून औषध वाया गेले असेही समजू नये. आतले औषध बहुधा सुटलेले असते, मात्र अख्खी गोळी वारंवार दिसत असेल तर डॉक्टरांना कळवावे.

तोंडाने गोळ्या चालू असताना एनिमा किंवा सपोझिटरी कशाला?

कारण आजार गुदाशयात सर्वांत जास्त असतो आणि तोंडाने घेतलेल्या औषधाचा सर्वांत कमी अंश तिथे पोहोचतो. सपोझिटरी, म्हणजे गुदद्वारातून ठेवायची मेणासारखी गोळी, गुदाशयापुरते काम करते, तर नळीने द्रव औषध सोडायचा एनिमा आतड्याच्या डाव्या बाजूच्या वळणापर्यंत जाऊ शकतो. दोन्ही मार्गांनी औषध दिल्यास एकट्या गोळ्यांपेक्षा चांगला परिणाम होतो. आपल्याकडे संकोचामुळे हा उपचार चिठ्ठीवरच राहतो, आणि अनेक दवाखान्यांत तो कसा घ्यायचा हे कोणी सांगतही नाही, म्हणून इथे थोडे सविस्तर.

रात्री झोपण्यापूर्वी शौचाला जाऊन यावे. बाटली कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवून हलवून घ्यावी, कारण थंड द्रव आत गेल्यावर लगेच कळ येते. डाव्या कुशीवर झोपून उजवा गुडघा पोटाशी घ्यावा, नळीच्या टोकाला थोडे पेट्रोलियम जेली लावावी आणि द्रव हळूहळू सोडावा. नंतर अर्धा तास त्याच कुशीवर राहावे. रात्रभर औषध आत राहिले तर उत्तम. फ्लेअरच्या पहिल्या दिवसांत ते दहा मिनिटांतच बाहेर येते, यात रुग्णाचा दोष नाही. दाह कमी झाला की टिकू लागते. जुनी चादर किंवा प्लॅस्टिक खाली घालावे, मेसालामाइनचे डाग सहजी जात नाहीत.

स्टेरॉइडने दोन आठवड्यांत इतके बरे वाटले, मग तेच का चालू ठेवू नये?

स्टेरॉइड आग विझवण्यासाठी आहे, राखणीसाठी नाही. प्रेडनिसोलोन बहुधा दिवसाला ४० मिलिग्रॅमने सुरू करतात आणि पुढच्या सुमारे दोन महिन्यांत टप्प्याटप्प्याने कमी करत बंद करतात. ते दीर्घकाळ घेतल्यास हाडे ठिसूळ होतात, साखर व रक्तदाब वाढतो, मोतीबिंदू होतो, चेहरा सुजतो, आणि तरीही पुढचा फ्लेअर टळत नाही. चिंतेची गोष्ट अशी की जुनी चिठ्ठी दाखवून औषधाच्या दुकानातून ते परत परत घेणारे बरेच आहेत. एका वर्षात दुसऱ्यांदा स्टेरॉइडची गरज पडली, किंवा मात्रा कमी करताच त्रास परत आला, तर राखणीचे औषध बदलण्याची वेळ आली आहे असे समजून तज्ज्ञांना भेटावे. कोर्स चालू असताना ते अचानक बंद करू नये, कारण शरीराचे स्वतःचे स्टेरॉइड बनणे मंदावलेले असते आणि एकदम बंद केल्यास चक्कर, उलट्या, रक्तदाब घसरणे असे धोके संभवतात. सकाळी नाश्त्यानंतर घेतल्यास झोपमोड कमी होते. सोबत कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व घ्यावे.

अझाथायोप्रिन सुरू करताना सारख्या रक्ततपासण्या का सांगतात?

प्रतिकारशक्ती दाबणारे हे औषध पांढऱ्या पेशी कमी करू शकते आणि यकृतावरही परिणाम करू शकते. सुरुवातीला दर एक-दोन आठवड्यांनी आणि पुढे दर तीन महिन्यांनी तपासणी असते. एनयूडीटी१५ या जनुकातील ठरावीक बदल भारतीयांसह आशियाई लोकांत तुलनेने अधिक आढळतो. तो असलेल्यांच्या पेशी काही आठवड्यांतच धोकादायकरीत्या घटू शकतात, आणि केस पुंजक्यांनी गळणे ही त्याची दिसणारी खूण असते. मोठ्या शहरांतल्या प्रयोगशाळांत ही जनुक तपासणी होते. शक्य असेल तर ती आधीच करून घ्यावी. यूरिक अॅसिडसाठी अॅलोप्युरिनॉल किंवा फेबुक्सोस्टॅट चालू असेल तर ते आवर्जून सांगावे, कारण ही जोडी घातक ठरू शकते. औषधाचा परिणाम दिसायला साधारण तीन महिने लागतात, तोवर धीर धरावा लागतो.

बायोलॉजिक इंजेक्शने आणि टोफासिटिनिब यांत फरक काय? खर्च झेपेल का?

इन्फ्लिक्सिमॅब शिरेतून देतात: पहिल्या दिवशी, दुसऱ्या आणि सहाव्या आठवड्यात, मग दर आठ आठवड्यांनी. अडालिमुमॅब त्वचेखाली घेतात आणि शिकून घेतल्यावर घरीही टोचता येते. वेडोलिझुमॅब मुख्यतः आतड्यापुरते काम करते, त्यामुळे इतर संसर्गांचा धोका त्यात कमी असतो. या औषधांच्या भारतात बनलेल्या आवृत्त्यांमुळे खर्च पूर्वीपेक्षा उतरला आहे; अडालिमुमॅबची जगातील पहिली बायोसिमिलर (मूळ औषधाशी मिळतीजुळती) आवृत्ती २०१४ साली अहमदाबादच्या झायडस कंपनीने बाजारात आणली. टोफासिटिनिब ही गोळी असून तिच्या जेनेरिक आवृत्त्या त्याहूनही स्वस्त आहेत, त्यामुळे कोलायटिसमध्ये तिचा वापर आपल्याकडे वाढला आहे. स्वस्त म्हणजे निर्धोक मात्र नव्हे: नागीण, रक्ताच्या गाठी आणि कोलेस्टेरॉल वाढणे हे तिचे ठाऊक असलेले धोके आहेत, आणि गरोदरपणात ती घेता येत नाही.

यांपैकी काहीही सुरू करण्यापूर्वी छातीचा एक्स-रे आणि सुप्त टीबीची तपासणी, तसेच हिपॅटायटिस बी, सी व एचआयव्हीच्या तपासण्या व्हायलाच हव्यात. घरात कोणाला टीबी झाला असेल, अगदी दहा वर्षांपूर्वीही, तर तेही सांगावे. उपचार चालू असताना आठवड्याहून अधिक टिकणारा संध्याकाळचा ताप किंवा खोकला हलक्यात घेऊ नये. फ्लू, न्यूमोकोकल, हिपॅटायटिस बी आणि नागिणीची निर्जीव लस आधीच घेऊन ठेवावी. गोवर किंवा कांजिण्यांसारख्या जिवंत लशी ही औषधे चालू असताना चालत नाहीत.

काय खावे आणि काय टाळावे?

या आजाराचा एकच असा आहार नाही, आणि शेजाऱ्यांपासून व्हॉट्सअॅपपर्यंत सगळे जी यादी देतात ती पाळली तर माणूस आजाराआधी उपासमारीने खंगेल. वजन आणि हिमोग्लोबिन घटलेल्या रुग्णाला सगळ्यात जास्त गरज प्रथिनांची आणि पुरेशा उष्मांकांची असते.

फ्लेअरमध्ये मऊ भात, मुगाच्या डाळीची खिचडी, नाचणीची किंवा तांदळाची पेज, उकडलेला बटाटा, शिजवलेला दुधी, पिकलेले केळे, अंडे, वाफवलेले किंवा कालवणातले मासे हे सहसा सोसते. कच्ची कोशिंबीर, मोड आलेली उसळ, चवळी-राजमा, भाजलेले शेंगदाणे आणि तेलाचा तवंग असलेला रस्सा तेवढे दिवस बाजूला ठेवावेत. त्रास शमला की एकेक पदार्थ परत आणावा. रेमिशनमध्येही वर्षभर पेजेवर राहणारे रुग्ण दिसतात आणि त्याची काहीच आवश्यकता नसते. ज्वारीची भाकरी, पालेभाज्या, फळे शांत काळात चालतात, उलट त्यांतील तंतू आतड्यातील चांगल्या जिवाणूंना उपयोगी पडतात. क्रोन्समुळे आतडे अरुंद झाले असेल तर मात्र शेवग्याची शेंग, मक्याचे कणीस, पेरूच्या बिया आणि मोसंबीच्या फोडींवरची साल अडकू शकतात. त्यांना दूर ठेवावे.

दूध सरसकट बंद करू नये. अनेक भारतीयांना दुधातील साखर पचत नाही, पण तो वेगळा प्रश्न आहे. दोन आठवडे दूध थांबवून आणि परत सुरू करून पाहिले की उत्तर मिळते. दही आणि ताक बहुतेकांना चालते. पाकीटबंद, खूप प्रक्रिया केलेले पदार्थ कमी करावेत, हा सल्ला अलीकडच्या संशोधनाशी सुसंगत आहे. मिरचीमुळे जळजळ होत असेल तर ती कमी करावी, पण तिखटाने आतड्यात व्रण पडत नाहीत.

चतुर्थीचे आणि एकादशीचे उपवास करावेत का?

रेमिशनमध्ये हरकत नाही. अडचण उपाशी राहण्यापेक्षा फराळाची असते: साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचे कूट, हिरवी मिरची आणि तळलेले बटाटे एकाच दिवशी पोटात गेले की निरोगी माणसालाही त्रास होतो. वरीचे तांदूळ, राजगिरा, ताक, फळे असा फराळ हलका पडतो. औषधे उपवासालाही चालू ठेवावीत. फ्लेअरमध्ये किंवा स्टेरॉइड चालू असताना निर्जळी उपवास करू नये.

आयुर्वेदिक औषधे किंवा हळदीच्या कॅप्सूल घेता येतील का?

मेसालामाइनसोबत कर्क्युमिन दिल्यास काही रुग्णांना अधिक फायदा होतो, असे लहान चाचण्यांत दिसले आहे. मात्र त्यात दिवसाला काही ग्रॅम कर्क्युमिन होते, भाजीतल्या हळदीतून तेवढे मिळत नाही, आणि संहत हळदीच्या उत्पादनांनी यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. २०२१ साली मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांत यकृतदाहाची नोंद केली होती; आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष नाकारला. वाद कसाही असो, प्रतिकारशक्ती वाढवणारे म्हणून विकले जाणारे काढे प्रतिकारशक्तीच्याच अतिरेकातून झालेल्या आजारात घेण्याआधी दोनदा विचार करावा. नाव व घटक न छापलेल्या पुड्या तर घेऊच नयेत, त्यांत स्टेरॉइड किंवा जड धातू निघतात. कोणतेही पूरक औषध घेत असल्यास डॉक्टरांपासून लपवू नये, आणि चालू उपचार त्याच्या भरवशावर थांबवू नये.

डोके किंवा सांधे दुखले तर कोणती गोळी चालते?

पॅरासिटामॉल. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, अॅसेक्लोफेनॅक यांनी फ्लेअर येऊ शकतो. दंतवैद्याकडे किंवा हाडांच्या डॉक्टरांकडे गेल्यावर हे स्वतःहून सांगावे.

फ्लेअर घरी सांभाळावा की रुग्णालयात जावे?

आधी एक गोष्ट: प्रत्येक जुलाब फ्लेअर नसतो. विशेषतः पावसाळ्यात साधा जंतुसंसर्ग किंवा अमीबाही असू शकतो, म्हणून स्टेरॉइड सुरू करण्यापूर्वी मलाची तपासणी करावी; अमीबाच्या आजारात स्टेरॉइड दिल्यास आतडे फुटण्यापर्यंत वेळ येऊ शकते.

ट्रुलव्ह आणि विट्स या ब्रिटिश डॉक्टरांनी १९५५ साली मांडलेले निकष आजही वापरात आहेत. दिवसातून सहा किंवा अधिक वेळा रक्तमिश्रित शौच आणि त्यासोबत ३७.८ अंश सेल्सिअसच्या वर ताप, मिनिटाला ९० हून जास्त नाडी, १०.५ च्या खाली हिमोग्लोबिन किंवा ३० हून जास्त ईएसआर (दाह दाखवणारी रक्ततपासणी), यांपैकी काहीही असेल तर तो तीव्र झटका मानतात आणि रुग्णाला दाखल करतात. पोट फुगून ताठ होणे आणि जुलाब अचानक थांबणे ही सुधारणेची खूण समजू नये, ते आतडे धोकादायकरीत्या ताणले गेल्याचे लक्षण असू शकते. अशा स्थितीत लोपेरामाइडसारख्या जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या घेऊ नयेत. रुग्णालयात शिरेतून स्टेरॉइड देऊन तिसऱ्या दिवशी प्रतिसाद पाहतात, आणि तो नसेल तर इन्फ्लिक्सिमॅब, सायक्लोस्पोरिन किंवा शस्त्रक्रिया यांतून निवड करतात. रक्त पडत असताना रक्त पातळ करण्याचे इंजेक्शन दिलेले पाहून नातेवाईक हरकत घेतात. तीव्र दाहात शिरांमध्ये गाठी होण्याचा धोका खूप वाढतो, म्हणून ते दिले जाते.

शस्त्रक्रिया म्हणजे शेवटचा उपाय का?

कोलायटिसमध्ये मोठे आतडे काढल्यावर दाहाचे ठिकाणच उरत नाही, त्यामुळे योग्य वेळी केलेली शस्त्रक्रिया अनेकांना वर्षांच्या त्रासातून सोडवते. ती टाळत टाळत कुपोषित अवस्थेत तातडीने करावी लागली तर धोका वाढतो. बहुधा लहान आतड्याची पिशवी करून गुदद्वाराशी जोडतात आणि ती भरून येईपर्यंत काही महिने पोटावर स्टोमा बॅग (मल जमा होणारी बाहेरची पिशवी) असते. त्यानंतर दिवसातून चार ते आठ वेळा शौचाला जावे लागते, पण पूर्वीची घाई राहत नाही. पिशवीला कधी कधी सूज येते, ती बहुतेक वेळा अँटिबायोटिकने आटोक्यात येते. क्रोन्समध्ये शस्त्रक्रियेनंतरही आजार परत येऊ शकतो, म्हणून तिथे शक्य तितके कमी आतडे काढतात.

कर्करोग होईल का?

बहुतेकांना होत नाही. आजार गुदाशयाच्या वर पसरलेला असेल तर आठ वर्षांनंतर धोका वाढू लागतो, म्हणून तेव्हापासून ठरावीक काळाने, धोक्यानुसार एक ते पाच वर्षांनी, कोलोनोस्कोपी करतात. पित्तनलिकांचा पीएससी नावाचा आजार सोबत असेल तर निदानापासूनच दरवर्षी.

डोळे लाल होणे, पाठ आखडणे यांचा आतड्याशी काय संबंध?

थेट संबंध आहे. सांधे, डोळे, त्वचा आणि यकृत यांतही हाच दाह उमटू शकतो. सकाळी उठल्यावर कंबर आखडून चालल्यावर मोकळी होणे, नडगीवर दुखऱ्या लाल गाठी येणे, डोळा लाल होऊन उजेड सहन न होणे, यांपैकी काही झाल्यास सांगावे. डोळ्याच्या बाबतीत त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. सततचा थकवा अनेकदा लोहाच्या कमतरतेमुळे असतो, आणि दाह चालू असताना गोळ्यांपेक्षा शिरेतून दिलेले लोह अधिक उपयोगी ठरते.

नोकरी आणि प्रवास कसा करायचा?

जपानचे माजी पंतप्रधान शिंझो आबे यांना किशोरवयापासून अल्सरेटिव्ह कोलायटिस होता. त्यांनी देशाचे सर्वाधिक काळ नेतृत्व केले आणि २०२० साली याच आजाराच्या उसळीमुळे पद सोडले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. रोजच्या पातळीवर अडचण अधिक साधी असते: मुंबईच्या लोकलमध्ये आणि एसटीत संडास नाही. सकाळी तासभर लवकर उठून पोट मोकळे होऊ देणे, वाटेतल्या स्थानकांवरील आणि पेट्रोल पंपांवरील स्वच्छतागृहे माहीत करून ठेवणे, पिशवीत कपड्यांचा एक जोड व ओले टिश्यू ठेवणे, एवढ्याने बरीच भीती जाते. कार्यालयात किमान एका वरिष्ठाला सांगून ठेवावे. आषाढी वारीत जाणाऱ्यांनी फिरत्या शौचालयांची सोय कुठे आहे ते विचारून घ्यावे आणि पाणी उकळलेले किंवा बाटलीबंदच प्यावे. टोचायची औषधे २ ते ८ अंशांत लागतात. विमानात ती डॉक्टरांच्या पत्रासह हातातल्या बॅगेत न्यावीत, सामानात दिल्यास गोठून निकामी होऊ शकतात.

लग्न ठरवताना सांगावे का? मुले होऊ शकतात का?

सांगावे, आणि शक्य असल्यास जोडीदाराला एकदा डॉक्टरांकडे सोबत न्यावे; लपवलेल्या गोळ्या आधी सापडतात आणि मग बंदही पडतात. मुले होण्यात बहुतेकांना अडचण नसते. सल्फासालाझिन (मेसालामाइनच्या गटातले जुने औषध) घेणाऱ्या पुरुषांत शुक्राणू घटतात, परंतु औषध बदलल्यावर दोन-तीन महिन्यांत ते पूर्ववत होतात. पालकाला आजार असल्यास मुलाला होण्याची शक्यता थोडी वाढते, तरी बहुतांश मुलांना तो होत नाही.

गर्भधारणा किमान तीन ते सहा महिने शांत गेल्यावर व्हावी हे उत्तम. गरोदरपणात बाळाला अधिक धोका आईच्या फ्लेअरचा असतो. मेसालामाइन, अझाथायोप्रिन आणि इन्फ्लिक्सिमॅब किंवा अडालिमुमॅब सहसा चालू ठेवतात. प्रतिकारशक्ती दाबणारे मेथोट्रेक्सेट मात्र काही महिने आधीच बंद करावे लागते. माहेरी बाळंतपणासाठी जाताना सर्व कागदपत्रे सोबत न्यावीत, कारण आपल्याकडे बाळाला जन्मतःच बीसीजी देतात, आणि गरोदरपणात इन्फ्लिक्सिमॅब किंवा अडालिमुमॅब घेतलेल्या आईच्या बाळाला ही जिवंत लस निदान सहा महिने देऊ नये. पोलिओचे थेंब आणि रोटाव्हायरस लशीबाबतही बालरोगतज्ज्ञांना आधी विचारावे. बाकीच्या लशी वेळेवर द्याव्यात.

आरोग्य विमा मिळतो का?

मिळतो, पण आजार अर्जात नमूद करावाच लागतो; लपवल्यास दावा फेटाळला जातो. विमा नियामकाच्या २०२४ च्या नियमांनुसार आधीपासून असलेल्या आजारासाठी प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त तीन वर्षे असू शकतो, पूर्वी तो चार वर्षे होता. इंजेक्शनने दिली जाणारी मोनोक्लोनल अँटिबॉडी (इन्फ्लिक्सिमॅब, अडालिमुमॅब यांसारखी औषधे) आधुनिक उपचारांच्या यादीत आहे, तरी कंपनी त्यावर रकमेची मर्यादा घालू शकते. पॉलिसीतील तो परिच्छेद सही करण्यापूर्वी वाचावा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपल्या उपचाराचा समावेश होतो का, हे त्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला दाखल होण्याआधी विचारावे. पहिल्या कोलोनोस्कोपीचा आणि बायोप्सीचा अहवाल, तसेच आजवर घेतलेल्या औषधांची तारखांसह यादी एका फाइलमध्ये ठेवावी. विमा कंपनी आणि नवीन डॉक्टर, दोघेही सर्वप्रथम हेच मागतात.